इमिग्रेशनचा वकील, मुक्काम जालना

वकिलाकडं आलेला माणूस काम झालं की परत येत नाही. बरोबरच आहे म्हणा, दवाखान्याचा आणि वकिलाचा जिना हौसेनं कोण चढतं! पण जाताना तो जे बोलून जातो, ते मात्र ऑफिसातच राहतं. फाइली आम्ही दर दिवाळीला आवरतो. बोलणी कुणी आवरायची? मग दुपारच्या चहाला मुनीरभाई हळूच म्हणतात, "मॅडम, ते म्हशीवाले तात्या याद हैं क्या?" झालं! एक निघाला की दुसरा, दुसऱ्यामागं तिसरा. हसायला म्हणून सुरुवात करतो आणि चहा गार होऊन जातो.

आधी आमचं ऑफिस सांगते. जालन्याच्या जुन्या बाजारपेठेत, बियाणांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या. आतल्या खोलीत वाहुळे सर. बाहेरच्या खोलीत मी आणि आमचे टायपिस्ट मुनीरभाई. सर मूळचे आष्टीकडचे. मी त्यांची ज्युनिअर. माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी ज्युनिअरच! काम कसलं, तर पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व आणि परदेशात अडकलेली माणसं.

हे सांगितलं की लोक हसतात. हायकोर्टाच्या कँटीनमध्ये एक वकीलमित्र मला म्हणाला, "जालन्यात इमिग्रेशन? तुमच्याकडं सळई आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे. परदेश कुठून आणला?"

मी म्हटलं, "मोसंबी जाते ना बाहेर, तिच्यामागोमाग पोरं पण जातात!"

तो खूप हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

* * *

सरांनी पहिल्यांदा 'इमिग्रेशन' असा बोर्ड लावला तेव्हा कॉलेजची पोरं रांगेनं वर यायला लागली. "सर, मायग्रेशन सर्टिफिकेट काढायचंय!" सर एकेकाला समजावून विद्यापीठाकडं पाठवायचे. मुनीरभाई वैतागले. "सर, बोर्डच बदलून टाकू." सर म्हणाले, "राहू द्या. निदान पोरं जिना तरी चढून राह्यलीत."

अशातच एक जोडपं आलं. अंकुशनगरकडचं, ऊसतोडीचं. कारखाना यांच्या दारात, पण मुकादमानं टोळी धरलेली कर्नाटकातली. नवरा दारातच उभा राहिला. बाई सरळ आत आली आणि सरांसमोर बसली.

"परक्या मुलखात जाणाऱ्याचं काम तुम्ही करता म्हणं?"

"करतो. कुठं जायचंय?"

"कर्नाटकात."

मुनीरभाईंनी तोंडावर रुमाल धरला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, कर्नाटकात जायला काही लागत न्हाई. आपलाच देश हाय तो."

बाई जरा विचारात पडली. म्हणाली, "मंग आमचं लेकरू तिथल्या शाळंत का घेत न्हाईत? भाषा येत न्हाई म्हणत्यात. गेल्या साली मी तिथंच बाळंत झाले, फडात. दवाखान्यात गेलो तर म्हणले, तुमच्या गावचं कार्ड आणा. गाव तर पार हिकडं. कार्ड आणंस्तोवर..."

ती थांबली. नवऱ्यानं दारातूनच तिला हाक मारली, "चल बरं. साहेब सांगून राह्यलेत ना, आपलाच देश हाय म्हणून."

सरांनी तिला बसायला सांगितलं. त्या गावच्या शाळेला आणि आरोग्य केंद्राला द्यायला इंग्रजीत अर्ज करून दिले, कामगार कार्यालयाचा नंबर दिला. बाईनं कागद पदराखाली घेतले आणि उठली. जिन्याशी जाऊन पुन्हा वळली.

"असंल साहेब आपलाच देश," ती म्हणाली. "पण तिकडच्यांना कुणी सांगितलं न्हाई."

* * *

आता म्हशीवाले तात्या. परतूर तालुक्यातले शेतकरी, घरचं बरं. लेक अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण. तात्या आणि कौसाकाकू दोघांनाही जायचं होतं.

या व्हिसाची गोम अशी आहे, की समोरचा साहेब आधीच धरून चालतो, तुम्ही तिकडंच राहणार. परत येणार हे तुम्ही पटवून द्यायचं. सरांनी दोघांना समोर बसवून हे चांगलं चार वेळा सांगितलं. मुनीरभाई साहेब झाले. टाय नव्हता, म्हणून गळ्यात माझा वकिलीचा पांढरा बँड बांधला! काकू त्यांना बघून इतक्या हसल्या की प्रॅक्टिस तिथंच संपली.

मुंबईला इंटरव्ह्यू झाला. साहेबानं काकूंना विचारलं, तुम्ही परत कशावरून येणार?

काकू म्हणाल्या, "आता घ्या! म्हैस गाभण हाय ना घरी. हे धार काढाया बसले की ती लाथ मारती."

दुभाष्या मुलीनं ते सांगितलं. साहेब हसला. मग त्यानं तात्यांना विचारलं, तुम्ही किती दिवस राहणार?

तात्या म्हणाले, "मन भरंस्तोवर."

काकूंना व्हिसा मिळाला. तात्यांना नाही.

दोघं परत आले तेव्हा तात्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. "सर, मी काय चुकीचं बोललो? लेकीकडं जाणारा बाप दुसरं काय म्हणंल?"

सर म्हणाले, "चुकीचं न्हाई तात्या. खरं बोललात. थोडं जास्त खरं बोललात."

काकू एकट्या गेल्या. विमानात पहिल्यांदा बसल्या त्या एकट्याच. नात झाली. तात्या लाथा खात खात धार काढायला शिकले. पुढच्या अर्जाचं विचारायला म्हणून ते मधूनमधून यायचे. एकदा मी विचारलं, "नात ओळखते का हो आता फोनवर?"

"मला बघून रडती," तात्या म्हणाले. "मिशा हायेत ना. म्हशीला बघून मात्र खुदुखुदू हसती."

"मग?"

"मंग काय, फोन म्हशीसमोर धरतो. अन् मी आपला बाजूनं बघतो."

* * *

परतूरला आडत दुकान असलेले बाबूराव एका सकाळी आले. त्यांच्या पोराची कॅनडाला ॲडमिशन झाली होती. गावाच्या वेशीत मोठा फ्लेक्स लागला होता. पोराचा गॉगल घातलेला फोटो, मागं विमान, खाली 'उच्च शिक्षणासाठी कॅनडा येथे प्रस्थान, हार्दिक अभिनंदन!' निरोपाला बँड होता. सगळं गाव जेवलं. व्हिसा मुंबईत हातात देतो असं एजंट म्हणाला होता, म्हणून जीप निघाली.

आणि मग कळलं, एजंटानं दिलेलं कॉलेजचं पत्रच बनावट. व्हिसा नाकारला. वर खोटी कागदपत्रं दिली म्हणून पोरावर काही वर्षांची बंदी!

"आता कुठं आहे मुलगा?" सरांनी विचारलं.

बाबूरावांनी उठून आधी दार लोटलं. मग म्हणाले, "माडीवर."

"कुठल्या माडीवर?"

"आमच्याच. अंधार पडल्यावर मागच्या दारानं घेऊन आलो. तवापासून खाली उतरलं न्हाई. गावाला वाटून राह्यलं, कॅनडात हाय. सर, मला तुमचं कोर्टातलं काम न्हाई पाहिजे. तेवढं गावाला सांगायचं वकीलपत्र घेता का?"

सरांनी ते घेतलं! मला घेऊन गावी गेले. माडीवर तासभर त्या पोराजवळ बसले. खोलीत एक बॅग भरलेलीच होती, थंडीचा जाड कोट वर ठेवलेला. बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. पोरगा खाली बघून एवढंच म्हणत होता, "सर, मी काही केलं न्हाई. मला जिथं सही करा म्हणले तिथं केली."

"मला माहीत हाय," सर म्हणाले. "आता हेच खाली चालून सांगायचं. मी आहे सोबत."

तो उतरला. सरांचा हात धरून, लहान लेकरासारखा. अंगणात शेजारच्या काकू सांडगे वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"अगं बया! कधी आलास रे? किती वाळलास! तिकडं भाकर मिळत न्हाई का?"

पोरगं तिथंच, उंबऱ्यावर बसून रडायला लागलं.

पुढं एजंटावर तक्रार झाली. सरांनी निरोप धाडला, आणखी कुणी फसलं असेल तर या, सगळे मिळून उभे राहू. दोन दिवसांनी जिन्यात गडबड ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. तीन गावचे तीन बाप. एक पायरीवर, एक त्याच्यामागं, एक खाली दारात. एकमेकांना ओळखत होते, बाजारातली ओळख. तिघंही एकमेकांकडं बघत उभे.

आणि तिघंही म्हणाले, "बियाणं घ्यायला आल्तो!"

* * *

सचिनचा किस्सा चहाला निघत नाही. निघाला तर मुनीरभाई उठून खिडकीशी जातात.

जालन्यातलाच पोरगा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा, साधा, आईला एकुलता. 'बँकॉकला डेटा एन्ट्री' म्हणून गेला आणि तिथून त्याला गाडीत घालून सरहद्दीपलीकडं नेलं. भिंतीला वर तारा, दारावर बंदूकवाले. काम काय, तर फोनवर खोट्या नावानं लोकांशी गोड बोलायचं, ओळख वाढवायची आणि त्यांना लुबाडायचं. नाही म्हटलं तर मार.

त्याची आई रोज आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसायची. काही विचारायची नाही, नुसती बसायची. सरांनी दूतावासाला लिहिलं, दिल्लीला लिहिलं, खासदारांच्या ऑफिसात खेटे घातले. एके दिवशी निरोप आला की सुटका झालेल्यांत सचिनचं नाव आहे. आई उठली आणि पहिल्यांदा बोलली, "मी घरी जाते. अंथरूण उन्हात टाकते त्याचं."

परत आल्यावर पोलिसांत त्याला जबाब द्यायचा होता. सर त्याच्या शेजारी बसले. अधिकारी भला माणूस होता, सावकाश विचारत होता. एजंट कोण, तिकीट कुणी काढलं, मारायचे कशानं. सचिन सगळं सांगत होता, सपाट आवाजात. शेवटी अधिकारी म्हणाला, "झालं. तुझी फसवणूक झाली, ती तक्रार घेतली मी लिहून."

सचिन म्हणाला, "अन् मी केली ती?"

"कोणती?"

"एक बाई होत्या. मराठीच. एकट्या राहायच्या. मी त्यांच्याशी रोज..."

सरांनी पटकन त्याच्या दंडावर हात ठेवला. "साहेब, माझा पक्षकार दमलाय. आज इथंच थांबू." वकिलानं तिथं हेच करायचं असतं. पोराच्या हिताचं तेच होतं. अधिकाऱ्यालाही कळलं. त्यानं पेनचं टोपण लावलं.

सरांनी समोरचा ग्लास सचिनपुढं सरकवला. "जेवलास का सकाळी? घे, पाणी पी आधी."

सचिन ग्लासकडं बघत राहिला. म्हणाला, "त्या पण असंच म्हणायच्या. जेवलास का, पाणी पिलास का."

* * *

सर रागावलेले मी फार कमी पाहिलेत. एकदा वाटलं होतं रागावतील.

मोठ्या घरचा एक तरुण आला. भरपूर जमीन, गावात मान. तो इंग्लंडला शिकत होता, सुट्टीला आला होता, व्हिसा संपत आला होता आणि त्याला तिथंच राहायचं होतं. कुणीतरी त्याला आश्रयाचा रस्ता सांगितला होता. आपल्या देशात जिवाला धोका आहे म्हणून अर्ज करायचा!

"कुणापासून धोका आहे?" सरांनी विचारलं.

"तसा न्हाई हो सर कुणापासून," तो हसून म्हणाला. "पण तिकडं एक स्टोरी चालते. जातीमुळं त्रास झाला अशी. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, घर गावाबाहेर, शाळेत वेगळं बसवायचे, असं. तुम्ही जरा डिटेल टाका ना त्याच्यात. तुम्हाला बराबर जमंल."

मुनीरभाईंचं टायपिंग थांबलं. मी फाइलीतून मान वर काढली नाही.

सर खुर्चीत मागं टेकले. "डिटेल आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "विहीर दगडी होती. काठाला बाभळ. आई घागर खाली ठेवून बाभळीपाशी उभी राहायची. विहिरीला हात लावायचा न्हाई. कुणाच्या मनात आलं तर ते वरून पाणी ओतणार. सकाळी उभी राहिली की कधीकधी दुपार व्हायची. मी तिच्या सावलीत बसायचो, कारण बाभळीची सावली विरळ असते."

तो तरुण खुर्चीत पुढं सरकला होता. डोळे चमकत होते.

"एकदम भारी, सर! हेच पाहिजे! हेच टाका!"

सर त्याच्याकडं बघत राहिले. रागानं नाही. कसे, ते मला सांगता येत नाही.

"न्हाई देता येणार," ते म्हणाले. "माझ्या आईचं हाय ते."

* * *

नसीमआपा कराचीच्या. लग्न होऊन जालन्याला आल्या त्या त्यांच्या आत्याच्या घरात. नात्यातलं लग्न, दोन्हीकडं तेव्हा येणं-जाणं होतं. नवरा गॅरेज चालवायचा. मुलं झाली, नातवंडं झाली, पण आपा कागदावर परदेशीच. दर खेपेला राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, पोलिस ऑफिसात हजेरी लावायची, नागरिकत्वाच्या अर्जाचं विचारायचं. नवरा वारला त्या आठवड्यातही त्या मुदत वाढवायला आल्या होत्या. सर म्हणाले होते, "आपा, मी सांगतो त्यांना, पुढच्या आठवड्यात या." आपा म्हणाल्या, "नको वकीलसाब. वो गए तो गए, मेरा साल तो खत्म होता ना!"

आणि मग एक दिवस नागरिकत्व मिळालं! सरांनी इतकी वर्षं ओढलेलं काम. तिकडचा पासपोर्ट आधीच जमा झाला होता. कलेक्टर ऑफिसात शपथ झाली, अधिकारी हात जोडून म्हणाले, "आता तुम्ही इथल्या झालात." सगळी गल्ली जमली होती. मुनीरभाईंनी तर फटाके आणले होते!

आपा पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. बसल्या. डबा मांडीवरच ठेवला. मग विचारलं, "वकीलसाब, अम्मी बहुत बीमार हैं. आता जाऊन येता येईल ना?"

सरांनी चष्मा काढला. आपांना त्यांनी आधी समजावलं नव्हतं असं नाही. सही घेण्याआधी सगळं सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि विचारलं जाणं वेगळं.

"आपा, आता तुम्ही इकडच्या. तिकडं जायचं तर व्हिसा लागेल. आणि सध्या ते व्हिसे देऊन नाही राह्यले."

आपांनी मान हलवली. "म्हणजे इतकी वर्षं सासरी राहायची परवानगी मागितली. आता माहेरी जायची मागायची."

आपांनीच डबा उघडला आणि सरांच्या हातावर पेढा ठेवला.

"खाओ वकीलसाब. समझो आज मेरी बिदाई हुई."

* * *

शेवटचा किस्सा सरांच्या घरचा. सर हा सांगत नाहीत. मी तिथं होते, म्हणून मी सांगते.

सरांच्या पत्नी शांताकाकू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. एकच मुलगा, अमोल. तो अमेरिकेत, बायको आणि छोटी मुलगी तिकडंच. त्याचा कायम राहण्याचा अर्ज चालू होता. असा अर्ज चालू असताना प्रवासाची परवानगी हातात आल्याशिवाय देश सोडला, की अर्ज सोडून दिला असं धरतात. परवानगी त्यानं मागितली होती. आली नव्हती.

तेव्हाच काकूंचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या.

अमोलचा फोन सकाळी, कोर्टात जायच्या आधी, ऑफिसात आला. सरांना फोन कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर होता. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं.

"बाबा, निघू का?"

सरांनी समोरच्या टेबलाकडं बघत विचारलं, "परवानगी आली का?"

"न्हाई."

"तातडीची मागून बघितली?"

"बघितली. उत्तर न्हाई."

"तिकडच्या वकिलांनी काय सांगितलं?"

"निघालास तर सगळं संपलं, म्हणले. घर, नोकरी, पोरीची ट्रीटमेंट, सगळं."

अमोलच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. सरांनी टेबलावरचे कागद एकावर एक सारखे केले. खाली बियाणाच्या दुकानात पोती उतरवत होते, त्यांचे धप्‌धप् आवाज येत होते.

मग सर म्हणाले, "त्यांनी सांगितलं ते बराबर हाय. माझाही सल्ला तोच."

मला वाटलं, फोन कट झाला.

"बाबा," अमोल म्हणाला, "मी वकिलाला फोन न्हवता केला."

सरांनी फोन ठेवला. मुनीरभाईंना म्हणाले, पुढच्या पक्षकाराला पाठवा. पक्षकार आला. त्याला सरांनी पासपोर्ट नूतनीकरणाचं सगळं नीट, क्रमानं समजावून सांगितलं. काहीही विसरले नाहीत.

दवाखान्यात दुपारची मी काकूंजवळ बसायचे. कोर्ट सुटलं की सर थेट यायचे, काळा कोट हातावर घेऊन. त्या दिवशी आल्याबरोबर काकूंनी विचारलं, "अमोल निघाला का?"

सर म्हणाले, "निघाला."

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. स्टूल ओढून काकूंच्या उशाशी बसले आणि त्यांच्या हातावरची सुई नीट आहे का ते बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलायला त्रास होत होता. डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते, नर्स सारखी आत-बाहेर करत होती. तरी सर दिसले तशी त्यांनी मान वळवली.

"कुठवर आला?"

"मुंबईत उतरला."

काकूंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं! मला म्हणाल्या, "वैशाली, त्याला वांग्याची भाजी लागती. घरी काही न्हाई." मी म्हटलं, "मी करते काकू, तुम्ही नका काळजी करू." त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोप लागली. पण थोड्या वेळानं पुन्हा उघडले.

"मंग आला का न्हाई अजून?"

"येईल," सर म्हणाले. "इमिग्रेशनच्या लाईनीत उभा हाय."

"मोठी हाय का लाईन?"

"मोठी हाय."

काकू छताकडं बघत राहिल्या. श्वास लागला होता. मग सरांचा हात धरून म्हणाल्या, "अहो, तुमचा सारा जन्म ह्याच कामात गेला. तिथं कुणीच वळखीचं न्हाई का तुमच्या? लेकराला जरा पुढं घ्या म्हणावं."

सरांनी खिशातून फोन काढला. कोणतंही बटण न दाबता तसाच कानाला लावला.

"हॅलो, नमस्कार साहेब," ते म्हणाले. "मी ॲडव्होकेट वाहुळे बोलून राह्यलो, जालन्याहून. तुमच्या लाईनीत माझा मुलगा उभा हाय..."